अधिहर्षताजन्य नेत्रशोथ आणि औषधी थेंबांचा विवेकपूर्ण उपयोग

डोळ्यांना खाज सुटणे, ते लाल होणे, त्यांतून पाणी वाहणे आणि पापण्यांना सूज येणे ही लक्षणे अधिहर्षतेमुळे, म्हणजे बोलभाषेतील ॲलर्जीमुळे, उद्भवली असता त्या विकारास अधिहर्षताजन्य नेत्रशोथ असे म्हणतात. हा विकार फार जुना व सर्वत्र आढळणारा असून त्याच्या नित्याच्या, सौम्य प्रकारांनी दृष्टी जात नाही. असे असताही या विकाराच्या निमित्ताने दृष्टी गमावलेले रुग्ण नेत्रचिकित्सकांकडे येत असतात. आणि त्यांपैकी काहींच्या बाबतीत दृष्टिनाशास मूळ विकार कारण झालेला नसून, त्यावर महिनोन्महिने घातलेले औषध कारण झालेले असते. औषधाने किती लवकर आराम पडतो यावरून ते निर्धोक आहे की नाही हे ठरत नाही. किंबहुना या विकारावरील औषधांत ज्यांचा गुण अतिशय शीघ्र येतो त्यांच्याच बाबतीत अधिक सावधगिरी बाळगावी लागते. ही गोष्ट नीट ध्यानात यावी म्हणून विकाराचे स्वरूप, थेंबाची डोळ्यातील गती, औषधांचे वर्ग आणि ती घालण्याची रीत यांचा क्रमाने विचार करणे इष्ट होईल.

विकाराचे स्वरूप

ऋतुमानाप्रमाणे उद्भवणाऱ्या या त्रासाचे पहिले पद्धतशीर वर्णन जॉन बोस्टॉक या इंग्रज वैद्याने १८१९ मध्ये लंडन येथे सादर केले. रुग्ण तो स्वतःच होता, आणि आपल्या निबंधात त्याने या व्याधीचा उल्लेख डोळे व छाती यांचा नियतकालिक विकार असा केला होता. त्याचे कारण मात्र त्याला उमगले नाही. मँचेस्टर येथील चार्ल्स ब्लॅकली याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गवताचे पराग स्वतःच्या नाकात, त्वचेवर व डोळ्यात घालून पाहिले, आणि वातावरणातील परागांचे मापन करण्यासाठी पतंगांना चिकट पट्ट्या बांधून त्या आकाशात सोडल्या. परागच या त्रासाचे मूळ होत, हे त्याच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्यानंतर, १९०६ मध्ये, व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के याने प्रचारात आणला.

पराग हे एकच कारण नव्हे. घरातील धुळीत वाढणारे सूक्ष्म कीटक, बुरशीचे बीजुक, पाळीव प्राण्यांच्या अंगावरील कोंडा आणि कित्येकदा डोळ्यांभोवती लावलेली प्रसाधनेही हाच परिणाम घडवितात. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे झाल्यास गाजरगवताचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. मूळचे अमेरिका खंडातील हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने त्वचेचा दाह होतो, आणि त्याचे पराग नाक व डोळे यांच्या अधिहर्षतेस कारण होऊ शकतात.

पापण्यांची आतील बाजू व डोळ्याचा पांढरा भाग यांवर एक पातळ, ओलसर आवरण असते. त्यास नेत्रश्लेष्मला म्हणतात. या आवरणात मास्ट पेशी नावाच्या पेशी मोठ्या संख्येने असतात. पॉल एर्लिक याने १८७८ मध्ये त्यांचे वर्णन केले व त्यांना हे नाव दिले. ज्या व्यक्तीचे शरीर एखाद्या परागास शत्रू मानू लागते त्या व्यक्तीत त्या परागाविरुद्ध एका विशिष्ट वर्गाचे प्रतिपिंड तयार होतात. हा वर्ग १९६६ मध्ये किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने शोधून काढला. त्यास इम्युनोग्लोब्युलिन-ई म्हणतात. हे प्रतिपिंड मास्ट पेशींच्या पृष्ठभागास चिकटून राहतात. पुढे तोच पराग डोळ्यात आला व त्या प्रतिपिंडांशी संयोग पावला की काही मिनिटांतच मास्ट पेशी आपल्या कणिकांतील द्रव्ये बाहेर टाकतात. त्यांत हिस्टामीन हे प्रमुख होय. त्याच्या योगाने संवेदी तंतू उद्दीपित होऊन खाज सुटते, केशवाहिन्या रुंदावून डोळा लाल होतो, आणि त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरून सूज येते. काही तासांनी अन्य दाहक पेशी त्या ठिकाणी गोळा होतात व त्रास लांबतो.

या क्रमातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, खाज हे या विकाराचे मुख्य लक्षण आहे. वेदना, चिकट पू किंवा दृष्टीची अंधुकता ही त्याची लक्षणे नव्हेत. ती असतील तर निदानच पुन्हा तपासले पाहिजे. दुसरा असा की, डोळा चोळल्याने मास्ट पेशींना यांत्रिक आघात पोचून आणखी हिस्टामीन सुटते, म्हणजे चोळण्याने खाज वाढते. वर्षानुवर्षे डोळे चोळण्याच्या सवयीचा, बुबुळावरील पारदर्शक पटल शंकूसारखे पुढे येण्याच्या विकाराशी संबंध आहे हेही आता मान्य झाले आहे.

थेंबाची डोळ्यातील गती

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचे प्रमाण स्वभावतः सुमारे ७ मायक्रोलिटर असते. खालची पापणी व नेत्रगोल यांमधील खोबणीत, द्रव बाहेर न सांडता, फार तर ३० मायक्रोलिटर मावतात. कुपीतून पडणारा एक थेंब साधारणतः ३० ते ५० मायक्रोलिटरांचा असतो. यावरून असे दिसते की, एकच थेंब हा डोळ्याच्या धारणशक्तीहून बहुधा मोठा असतो; एकापाठोपाठ दोन थेंब घातल्याने औषधाची मात्रा दुप्पट होत नाही, दुसरा थेंब पहिल्यास धुऊन गालावर उतरवितो इतकेच.

जो भाग डोळ्यात राहतो त्याचाही पुष्कळ अंश पापण्यांच्या आतील कोपऱ्यातील सूक्ष्म छिद्रांतून अश्रुवाहिनीत व तेथून नाकात जातो. थेंब घातल्यावर काही वेळाने घशात कडू चव येते ती यामुळेच. नाकातील श्लेष्मल त्वचा रक्तवाहिन्यांनी समृद्ध असल्यामुळे तेथे शोषले गेलेले औषध यकृतातून न जाता सरळ रक्तात मिसळते. डोळ्यात घातलेले औषध डोळ्यापुरतेच राहते ही समजूत म्हणूनच चुकीची होय. लहान मुलांत, शरीराचे वजन कमी असल्याने, ती अधिकच धोक्याची ठरते. थेंब घातल्यावर डोळा हलकेच मिटून धरल्यास, किंवा नाकालगतचा आतील कोपरा बोटाने दाबून धरल्यास, नाकाकडे जाणारा हा मार्ग बंद होतो. ही साधी क्रिया पाच मिनिटे केल्याने रक्तात शोषले जाणारे औषध निम्म्याहून अधिक घटते असे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळून आले.

औषधांचे वर्ग

औषधांचा विचार करण्यापूर्वी विनौषधी उपायांची नोंद घेणे युक्त होईल. थंड पाण्यात भिजवून पिळलेली स्वच्छ घडी मिटलेल्या पापण्यांवर ठेवल्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून खाज शमते. निर्जंतुक कृत्रिम अश्रूंचे थेंब पराग धुऊन काढतात व उरलेल्यांची तीव्रता कमी करतात. सौम्य विकारात पुष्कळदा इतके पुरेसे होते. गुलाबपाणी, मध किंवा सुरमा यांची गणना मात्र या उपायांत करता येणार नाही. पहिली दोन निर्जंतुक नसतात. आणि पारंपरिक सुरम्याच्या कित्येक प्रकारांत शिशाचे संयुग आढळले आहे.

औषधी थेंबांचा पहिला वर्ग रक्तवाहिन्यासंकोचकांचा. नॅफाझोलीन व टेट्राहायड्रोझोलीन ही त्यांतील परिचित द्रव्ये होत. ती केशवाहिन्या आवळून काही मिनिटांत लाली घालवितात. परंतु मास्ट पेशींवर वा हिस्टामीनवर त्यांचा काहीच परिणाम नसल्याने मूळ प्रक्रिया तशीच चालू राहते. शिवाय अनेक दिवस वापरल्यास, औषधाचा अंमल ओसरताच वाहिन्या पूर्वीपेक्षा अधिक रुंदावतात, डोळा पुन्हा लाल होतो व रुग्ण पुन्हा कुपीकडे वळतो. औषधानेच निर्माण केलेली ही लाली विकाराची समजून वर्षभर थेंब घालीत राहणारे रुग्ण दुर्मीळ नाहीत. ही द्रव्ये बाहुली किंचित विस्फारित असल्यामुळे, ज्यांच्या डोळ्यांचा कोन जन्मतः अरुंद असतो अशांना त्यांपासून काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. ती पोटात गेल्यास परिणाम गंभीर असतात: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार अवघे १ ते २ मिलिलिटर द्रव गिळल्याने लहान मुलास ग्लानी येणे, नाडी व श्वास मंदावणे असे प्रकार घडू शकतात. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या संमिश्र थेंबांत नॅफाझोलीन असते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

दुसरा वर्ग हिस्टामीनविरोधी औषधांचा. या वर्गाचा उगम डॅनियल बोव्हे याच्या १९३७ मधील संशोधनात असून त्यास १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही द्रव्ये हिस्टामीनला त्याच्या ग्राहकस्थानी बसू देत नाहीत, त्यामुळे खाज लवकर थांबते. तिसरा वर्ग मास्ट पेशींना स्थिर करणाऱ्या औषधांचा. सोडियम क्रोमोग्लायकेट हे त्यांतील आद्य द्रव्य. भूमध्य सागराच्या परिसरात औषधी म्हणून परिचित असलेल्या एका वनस्पतीतील खेलिन या घटकावरून ते १९६५ च्या सुमारास सिद्ध झाले, आणि रॉजर अल्टून्यान या वैद्याने, स्वतः दमेकरी असल्यामुळे, त्याच्या चाचण्या स्वतःवरच केल्या. त्याचे शेकडा २ प्रमाणाचे थेंब दिवसातून चार वेळा घालावे लागतात. हे औषध सुटलेल्या हिस्टामीनवर काही करू शकत नाही. नवे सुटू देत नाही इतकेच. म्हणून त्याचा पुरता गुण येण्यास एक ते दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून ते सोडून देणारा रुग्ण औषधाला नव्हे, औषधाच्या स्वभावाला अपरिचित असतो. ऋतू ठाऊक असेल तर तो सुरू होण्यापूर्वीच ते चालू करणे हा त्याचा खरा उपयोग.

चौथ्या वर्गात दोन्ही गुण एकत्र आले आहेत. ओलोपॅटडीन, केटोटिफेन, ॲझेलॅस्टीन व बेपोटॅस्टीन ही द्रव्ये हिस्टामीनला अडवितात व मास्ट पेशींनाही स्थिर करतात. काही मिनिटांत आराम आणि दीर्घकालीन प्रतिबंध हे दोन्ही हेतू त्यांनी साधत असल्यामुळे आज नित्याच्या अधिहर्षताजन्य नेत्रशोथात बहुधा यांपासूनच आरंभ करण्यात येतो. शेकडा ०·१ प्रमाणाचे ओलोपॅटडीन दिवसातून दोनदा, तर शेकडा ०·२ प्रमाणाचे एकदाच घालावयाचे असते. नाव एकच असले तरी प्रमाण वाचल्यावाचून मात्रा ठरविता येत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होईल. थेंब घालताना क्षणभर होणारी चुरचुर किंवा तोंडात येणारी कडवट चव हे यांचे सामान्य उपद्रव होत.

स्टेरॉइडांचा प्रश्न

उरलेला वर्ग स्टेरॉइडांचा. आणि प्रस्तुत विषयाचा गाभा येथेच आहे. कॉर्टिसोनचा संधिवातावरील विलक्षण गुण १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढच्याच वर्षी केंडल, हेंच व राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लवकरच ही द्रव्ये डोळ्यांतही वापरली जाऊ लागली. दाहाच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर त्यांचा अंमल चालत असल्याने अन्य औषधांस न जुमानणारी खाज व सूज त्यांनी एकदोन दिवसांत मावळते. परंतु १९५४ मध्येच बेल्जियमचे नेत्रवैद्य ज्यूल फ्रान्स्वा यांनी, कॉर्टिसोनचे थेंब दीर्घकाळ घातल्याने काचबिंदू झाल्याचे नोंदविले.

याची उपपत्ती अशी: डोळ्याच्या पुढील भागात नेत्रजल नावाचा स्वच्छ द्रव सतत तयार होतो व एका सूक्ष्म जाळीदार ऊतकातून बाहेर पडतो. या आगमनिर्गमनाच्या तोलावर डोळ्यातील दाब अवलंबून असतो. निरोगी डोळ्यात तो सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका राहतो. स्टेरॉइडांच्या योगाने त्या जाळीच्या पेशींत व त्यांमधील द्रव्यात असे बदल होतात की निर्गमनास अडथळा येतो आणि दाब चढतो. आर्माली व बेकर यांनी १९६० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासांवरून असे आढळले की, चार ते सहा आठवडे प्रबळ स्टेरॉइडाचे थेंब घातले असता सुमारे एकतृतीयांश व्यक्तींत दाब मध्यम प्रमाणात वाढतो, आणि शेकडा ५ ते ६ व्यक्तींत तो १५ मिलिमीटरांहूनही अधिक चढतो. कोणाचा दाब चढेल हे डोळ्याकडे पाहून सांगता येत नाही. तो मोजावाच लागतो. मुलांमध्ये ही वाढ अधिक लवकर व अधिक तीव्र होऊ शकते.

चढलेला दाब दुखत नाही. डोळा लाल होत नाही. उलट स्टेरॉइडामुळे तो पांढराशुभ्र व शांत दिसतो. दृक्तंत्रिकेचे तंतू मात्र हळूहळू नष्ट होत जातात. दृष्टीचा परीघ प्रथम आकसतो, मध्यभागीची दृष्टी बराच काळ टिकून राहते. त्यामुळे वाचता येते, अक्षर ओळखता येते, आणि हानी पुष्कळ झाल्यावरच ती ध्यानात येते. नष्ट झालेले तंतू पुन्हा उत्पन्न होत नाहीत. दीर्घ उपयोगाने नेत्रभिंगाच्या मागील बाजूस मोतीबिंदू होतो तो निराळाच. शस्त्रक्रियेने तो काढता तरी येतो. याखेरीज, नागिणीच्या जातीच्या विषाणूमुळे किंवा बुरशीमुळे बुबुळावर झालेल्या जखमेत स्टेरॉइड पडले तर जंतूंस मोकळे रान मिळून बुबुळ फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. शेतात काम करताना पाते वा कूस लागून होणाऱ्या जखमांत बुरशीचा संसर्ग आपल्या देशात नेहमी आढळतो, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.

या सर्वांचा अत्यंत दुःखद परिपाक वासंतिक नेत्रशोथ या विकारात दिसतो. हा अधिहर्षतेचा तीव्र व चिवट प्रकार उष्ण, कोरड्या प्रदेशांत विशेष आढळतो. नाव वसंताचे असले तरी भारतात त्याचा त्रास कित्येक मुलांना वर्षभर होतो व उन्हाळ्यात बळावतो. तो बहुधा वयाच्या दहा वर्षांच्या आत सुरू होतो, मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक असतो, आणि वयात आल्यावर काही वर्षांत बहुतेकांचा आपोआप शमतो. वरच्या पापणीच्या आत दगडी फरसबंदीसारखे उंचवटे येतात, डोळ्यांतून दोरीसारखा चिकट स्राव येतो, आणि मूल उजेडात डोळे उघडू शकत नाही. अशा मुलास एकदा वैद्याने योग्य कारणासाठी, थोड्या दिवसांपुरते, स्टेरॉइडाचे थेंब दिले की दोन दिवसांत ते शाळेत जाऊ लागते. पुढच्या खेपेस खाज सुटली की घरची माणसे जुनी कुपी दाखवून दुकानातून तीच पुन्हा आणतात. गुण येतोच; म्हणून तपासणीचे कारण कोणास वाटत नाही. अशी चार-पाच वर्षे लोटतात. जो विकार कालांतराने जाणारच होता तो जातो आणि औषधाने झालेली हानी जन्मभर राहते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. मुलाचा त्रास पाहवत नाही म्हणूनच हे घडते, आणि म्हणूनच ते टाळण्यास ज्ञानाची गरज आहे.

याचा अर्थ स्टेरॉइडे त्याज्य आहेत असा नव्हे. तीव्र प्रकोपात, विशेषतः बुबुळावर व्रण होण्याचा संभव असता, ती दृष्टी वाचवितात. परंतु ती नेत्रवैद्याच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस, क्रमाक्रमाने कमी करीत व दाब मोजीत वापरावयाची असतात. फ्लुओरोमेथोलोन व लोटेप्रेडनॉल यांनी दाब वाढण्याचा संभव कमी असतो. तो शून्य नसतो. चिवट विकारात स्टेरॉइडांची गरज कमी करण्यासाठी सायक्लोस्पोरीन व टॅक्रोलिमस ही प्रतिकारक्रिया दाबणारी औषधे उपलब्ध झाली आहेत. तीव्र वासंतिक नेत्रशोथासाठी सायक्लोस्पोरीनच्या थेंबांना २०१८ मध्ये युरोपात व २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

भारतात स्टेरॉइडयुक्त नेत्रौषधे १९४५ च्या औषधविषयक नियमांतील ‘एच’ अनुसूचीत मोडतात, म्हणजे नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. नियमाचे पालन सर्वत्र होत नाही हे उघड आहे. रुग्णानेच लेबल वाचणे हा म्हणून अखेरचा बांध ठरतो. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल व डायफ्लुप्रेडनेट ही नावे ओळखता आली पाहिजेत. प्रतिजैविक व स्टेरॉइड यांची मिश्रणे विशेष फसवी होत. क्लोरॅम्फेनिकॉलसारखे नाव प्रथम वाचून लोक त्यांस जंतुनाशक थेंब समजतात, आणि त्याच ओळीतील डेक्सामेथासोन नजरेतून सुटते.

कुपीची निर्जंतुकता

नेत्रौषध कारखान्यातून निर्जंतुक अवस्थेत बाहेर पडावे लागते, आणि कुपी उघडल्यानंतर ते तसे राहावे म्हणून त्यात बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक घालतात. या व्यवस्थेत बिघाड झाला म्हणजे काय होते हे २०२३ मध्ये अमेरिकेत दिसून आले. भारतात तयार झालेल्या, परिरक्षक नसलेल्या व बहुमात्रा कुपीत भरलेल्या कृत्रिम अश्रूंशी निगडित असा, औषधांस न जुमानणाऱ्या सूडोमोनस जंतूचा संसर्ग १८ राज्यांतील ८१ रुग्णांत आढळला. ४ जण दगावले, १४ जणांची दृष्टी गेली व ४ जणांचा नेत्रगोल काढावा लागला. औषध नव्हे तर केवळ ‘अश्रू’ म्हणून घातलेल्या द्रवाची ही कथा आहे.

कारखान्यातील दोष रुग्णाच्या हाती नसतो; उघडलेल्या कुपीचे रक्षण मात्र त्याच्याच हाती असते. कुपीचे टोक पापणीस, बोटास वा पापण्यांच्या केसांस लागले की जंतू आत ओढले जातात. लेबलावर निराळी सूचना नसल्यास उघडलेली कुपी चार आठवड्यांनी टाकून द्यावी असा सर्वसाधारण दंडक आहे. त्याची सांगड साध्या गणिताने घालता येते. ५ मिलिलिटरांच्या कुपीत, ५० मायक्रोलिटरांचा थेंब धरल्यास, सुमारे १०० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा एकेक थेंब घातल्यास ती २५ दिवस पुरते. अशी कुपी तीन महिने चालत असेल तर औषध नियमाने घातले जात नाही व शिळे वापरले जात आहे. आणि दहा दिवसांत संपत असेल तर थेंब वाया तरी जात आहेत किंवा अधिक तरी घातले जात आहेत. एकाची कुपी दुसऱ्याने वापरणे घरातल्या घरातही वर्ज्य समजावे.

परिरक्षकाचाही एक दोष आहे. मऊ काँटॅक्ट लेन्स ते शोषून घेतात व बुबुळाशी त्याचा सहवास लांबतो. म्हणून लेन्स काढून थेंब घालावेत व किमान १० ते १५ मिनिटांनी त्या पुन्हा बसवाव्यात. डोळे लाल असतील तोपर्यंत त्या न वापरणेच श्रेयस्कर. वारंवार थेंब घालावे लागणाऱ्यांत परिरक्षकच चुरचुरीचे कारण होऊ शकते. अशांसाठी परिरक्षकविरहित, एकेका मात्रेच्या कुप्या मिळतात, आणि त्या उघडल्यावर उरलेले औषध ठेवावयाचे नसते.

थेंब घालण्याची रीत

प्रथम हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. कुपीवरील नाव, प्रमाण व मुदत उजेडात वाचावी. कानाचे थेंब व जलद चिकटणारा गोंद यांच्या कुप्या नेत्रौषधांच्या कुप्यांसारख्याच दिसतात, आणि त्यांच्या अदलाबदलीने इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. औषध निलंबित स्वरूपाचे असेल तर कुपी हलवावी. मान मागे करून वर पाहावे, खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढून खोबण करावी, आणि कुपी डोळ्यापासून थोडी वर धरून खोबणीत एकच थेंब सोडावा. मग डोळा घट्ट न आवळता अलगद मिटावा. आतील कोपरा बोटाने दाबून दोन ते पाच मिनिटे तसेच राहावे. पापण्यांची उघडझाप केल्याने औषध नाकाकडे ढकलले जाते. गालावर ओघळलेले पुसून टाकावे.

दोन निरनिराळी औषधे घालावयाची असल्यास मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत, आणि मलम असल्यास ते शेवटी लावावे. मूल डोळे उघडीत नसेल तर त्यास उताणे निजवून, मिटलेल्या डोळ्याच्या आतील कोपऱ्यात थेंब ठेवावा. डोळा उघडताच तो आत उतरतो. एखादी खेप चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट घालू नये. कुपी मुलांच्या हातास लागणार नाही अशा जागी ठेवावी.

थेंबांवर अवलंबून राहू नये अशी लक्षणे

डोळ्यात वेदना असणे, उजेड सहन न होणे, दृष्टी अंधुक होणे, पुवासारखा स्राव येणे, बुबुळावर पांढरा डाग दिसणे, लक्षणे एकाच डोळ्यात असणे, डोळ्यास मार लागलेला असणे, किंवा काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होणे, यांपैकी काहीही असल्यास अधिहर्षता गृहीत धरू नये व त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. डोळ्यात चुना अथवा अन्य रसायन गेले असल्यास थेंब शोधीत न बसता प्रथम भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा निदान १५ ते ३० मिनिटे धूत राहावे व मग दवाखाना गाठावा. विकार अधिहर्षतेचाच असला तरी दोनतीन आठवडे योग्य औषध घालूनही त्रास हटत नसेल, तर औषध वाढविण्याऐवजी निदान तपासून घेणे शहाणपणाचे होय. आणि ज्याच्या डोळ्यात कोणत्याही कारणाने काही आठवडे स्टेरॉइडाचे थेंब गेले आहेत त्याने, त्रास नसला तरी, डोळ्यातील दाब मोजून घ्यावा. ही तपासणी थोड्या मिनिटांत होते.

सारांश

अधिहर्षताजन्य नेत्रशोथात खाज शमविणे व प्रक्रिया थांबविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रक्तवाहिन्यासंकोचके केवळ लाली झाकतात. हिस्टामीनविरोधी द्रव्ये खाज थांबवितात. मास्ट पेशी स्थिर करणारी द्रव्ये सावकाश पण मुळाशी काम करतात. स्टेरॉइडे सर्वच दडपतात व त्याची किंमत डोळा निमूटपणे मोजतो. म्हणून हातातील कुपी यांपैकी कोणत्या वर्गाची, ती किती दिवसांसाठी दिलेली आणि ती केव्हा उघडलेली, या तीन प्रश्नांची उत्तरे ठाऊक असल्यावाचून थेंब घालू नये. ही उत्तरे रुग्णास सांगणे हे चिठ्ठी लिहिणाराचे कर्तव्य होय, ती विचारणे हे औषध देणाराचे, आणि ती लक्षात ठेवणे हे घरच्या माणसांचे. या तिहींतील एकाने जरी ते पाळले तरी खाजेपायी जाणारी दृष्टी पुष्कळ अंशी वाचविता येईल.